कपाटावर ठेवलेली वही

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत): पश्चिम महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या ४६ वर्षांच्या शिक्षिकेचं हे पत्र आहे. स्तनाचा कर्करोग. डाव्या बाजूची शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपीतल्या 'लाल औषधा'चे चार डोस झाले, आता दर आठवड्याचे बारा सुरू आहेत, त्यातले तीन संपले. पुण्याच्या नणंदेने मायेने पैसे भरून त्यांना माइंडफुलनेस (या क्षणी जे आहे त्याकडे लक्ष देण्याचं ध्यान) आणि आर्ट थेरपी (चित्रांच्या मदतीने मनाला आधार) यांच्या आठ आठवड्यांच्या ऑनलाइन वर्गात घातलं. दुसऱ्या आठवड्यात डोळे मिटून शरीराच्या एकेका भागाकडे लक्ष न्यायला सांगितलं. लक्ष छातीपाशी आलं आणि यांना रडू कोसळलं; मोबाइल बंद केला. तिसऱ्या आठवड्यात 'बरं होणं' काढायला सांगितलं. बाकीच्यांनी सूर्य, झाडं, पक्षी काढले. यांनी काळ्या रेघांचा गुंता काढला आणि त्यातून जाणारी एक लाल नळी. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "आता यात थोडे आनंदी रंग भरू या." नवऱ्याने ती वही कपाटावर नेऊन ठेवली. नणंद म्हणाली, "मनात असं निगेटिव्ह असलं की औषध लागू पडत नाही." पंधरा वर्षांच्या मुलीने चित्र पाहिलं आणि ती गप्प राहिली. लाल रंगाचा इतका तिटकारा बसलाय की कोकम सरबत पाहिलं तरी मळमळतं. लाल टिकली लावणं सोडलंय, त्यावरून सासूबाई धास्तावल्यात. त्या विचारतात: माझं मनच औषधाच्या आड येतंय का? ध्यान जमत नाही, चित्र जमत नाही. नेटाने करत राहू की सोडून देऊ? आणि याचा खरंच काही उपयोग असतो, की हे शहरातल्या लोकांचं फॅड?

बाई,

(शाळेत मुलं तुम्हाला हीच हाक मारत असणार, मीही तीच मारते.)

सगळ्यात टोचणारा प्रश्न तुम्ही पत्राच्या मधोमध, जणू जाता जाता विचारलाय. त्याचं उत्तर आधी देते. नाही. तुमचं मन औषधाच्या आड येत नाहीये. शिरेतून जाणारं औषध तुमचा मूड विचारून कामाला लागत नाही. रडत घेतलं काय, नामस्मरण करत घेतलं काय, चरफडत घेतलं काय, ते त्याचं काम करतं. हे मी नुसतं धीर द्यायला लिहीत नाहीये, हे तपासून झालंय. २००७ साली अमेरिकेत डोकं, तोंड, गळा या भागांतल्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या गेल्या. उपचारांच्या सुरुवातीला कोणाचं मन किती उभारीत होतं आणि पुढे कोण किती जगलं, या दोन गोष्टींचा मेळ बसतो का ते बघायचं होतं. नाही बसला.

त्याच्या आधीची एक हकिगत मला फार बोलकी वाटते. १९८९ साली स्टॅनफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्तनाचा कर्करोग शरीरात पसरलेल्या ८६ बायका होत्या. त्यातल्या ज्या दर आठवड्याला गटात बसून बोलत होत्या, त्या बाकीच्यांपेक्षा सरासरी दीड वर्ष जास्त जगल्या. केवढा गाजावाजा झाला! मग कॅनडातल्या संशोधकांनी २३५ बायकांना घेऊन तसेच गट चालवले आणि २००१ साली निकाल सांगितला: आयुष्य वाढलं नाही. पण मनाचा त्रास कमी झाला आणि दुखणंही कमी जाणवलं. आता यातली मेख ऐका. त्या गटांत हसऱ्या चेहऱ्याने बसा असं कोणी म्हणत नव्हतं. तिथे मरणाची भीती, बदललेलं शरीर, नवऱ्याचं वागणं, पोरांचं पुढे कसं होईल, हे सगळं उघड बोललं जायचं. थोडक्यात, आराम पडला तो काळ्या रेघा काढून.

'पॉझिटिव्ह राहा' हे वाक्य बऱ्याचदा बोलणाऱ्याच्याच भीतीवरचा उतारा असतो. तुमच्या नणंदबाईंचं तसंच झालंय. त्यांनी पैसे भरले, वर्ग शोधला, वेळा जुळवल्या. एवढं करूनही भावजय रडते म्हटल्यावर त्या घाबरल्या आणि तोंडातून ते वाक्य गेलं. त्याच वाक्याचं एक जुळं भावंड गावात फिरत असेल: 'ही फार मनाला लावून घेते, म्हणून झालं.' तेही आत घेऊ नका. मनाला लावून घेतल्याने कर्करोग होतो असं सिद्ध झालेलं नाही. आणि मनाला लावून न घेणारी किती खुशालचेंडू माणसं या आजाराने गेलेली तुम्ही-आम्ही पाहिलीत.

आता ध्यान 'जमलं नाही' त्याबद्दल. तुम्ही धरून चाललात की मन शांत झालं तर पास, रडू आलं तर नापास. जन्मभर पेपर तपासणाऱ्या बाईला असं वाटणं साहजिक आहे. पण हा विषय मुळात कशासाठी निघाला ते बघा. १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी माइंडफुलनेसचा काही आठवड्यांचा एक क्रम सुरू केला. ध्यान बौद्ध परंपरेतलं, पण मांडणी दवाखान्यात चालेल अशी. तिथे यायचे ते वर्षानुवर्षं दुखण्याने पिचलेले, औषधांनी पुरतं भागत नसलेले लोक. त्यांना 'शांत व्हा' म्हणून उपयोग नव्हता. दुखतंय ते दुखतंय एवढंच बघायचं, आणि त्यावर आपण 'आता आयुष्यभर असंच राहणार, माझंच चुकलं' अशी जी पुटं चढवतो ती वेगळी ओळखायची, असा त्याचा गाभा. तुमचं लक्ष छातीपाशी पोचलं आणि तिथे काय राहिलंय, काय गेलंय हे तुम्हाला कळलं. म्हणजे धडा बरोबरच चालला होता. चुकलं ते दुसरंच: तुम्ही तिथे एकट्या होतात, समोर पडदा, हात धरायला कोणी नाही.

नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला त्या जागेला वळसा घालायची मुभा आधीच द्यायची असते. 'पावलांवरून थेट तळहातांवर या, मधलं राहू दे' असं म्हणायला कितीसा वेळ लागतो? डोळे मिटणं हाही नियम नाही. काही जणींना डोळे मिटले की ऑपरेशन थिएटरचे दिवे दिसतात. त्यांनी उघड्या डोळ्यांनी समोरच्या भिंतीवरचा एखादा डाग बघत बसावं. फुप्फुसाचा आजार आहे किंवा धाप लागते, त्यांनी श्वासावर लक्ष देण्याच्या फंदात पडू नये. श्वास मोजायला गेलं की जीव आणखी घाबरतो. पावलांखालची फरशी, हातातल्या पेल्याचा गरमपणा, बाहेरून येणारे आवाज, यातलं काहीही चालतं.

हे वाचून कोणाला वाटेल, मग इगतपुरीला दहा दिवस विपश्यनाच करून यावी. एरवी मी हो म्हटलं असतं. केमो चालू असताना दहा दिवस मौनात, घरापासून लांब, अनेकांच्या सहवासात, काउंट (रक्तातल्या पेशींचं प्रमाण) कधी उतरतील याचा भरवसा नसताना? सध्या राहू द्या. उपचार संपल्यावर, डॉक्टरांना विचारून बघा.

आणि एक गोष्ट जी मनाच्या खात्यात उगाच जमा होते: डोसच्या रात्री डोळ्याला डोळा न लागणं, जीव उगाच धावल्यासारखा होणं. तुमच्या औषधाबरोबर रिअॅक्शन येऊ नये म्हणून बहुधा स्टिरॉइड देतात, आणि ते झोप उडवतं. डोसच्याच रात्री असं होत असेल तर ती तुमची 'निगेटिव्हिटी' नव्हे, इंजेक्शन आहे. डॉक्टरांना सांगा.

लाल रंगाचंही तसंच. ते लाल औषध खरंच लाल असतं. नळीतून उतरताना दिसतं, नंतर एक-दोन दिवस लघवीतही दिसतं. चार वेळा ते बघितलं, चार वेळा त्यानंतर पोट ढवळलं. शरीराने दोन्हींची गाठ मारून ठेवली. पुढे दवाखान्याचा वास, तिथल्या खुर्चीचा रंग, एवढ्यानेही डोसच्या आधीच उलटी होणारे लोक असतात. डॉक्टरांच्या ओळखीचं लक्षण आहे हे, त्यावर गोळ्या आहेत, आणि आधीच दिल्या तर जास्त उपयोगी पडतात. पुढच्या तपासणीत 'कोकम सरबत बघून मळमळतं' असं अगदी याच शब्दांत सांगा, लाजू नका. सासूबाईंनाही हेच सांगा: "आई, ते औषध लाल होतं म्हणून लाल नको वाटतंय. उपचार उरकले की लावेन." तोवर चंदनी लावा, चॉकलेटी लावा, नका लावू. त्यांची धास्ती टिकलीची आहे, तुमच्या प्रकृतीची आहे, की दोन्हींची, हे त्यांना स्वतःलाही सांगता येणार नाही. पण कारण कळलं की निम्मी उतरेल.

चित्राकडे यायला मी मुद्दाम वेळ लावला.

तुम्ही काढलेलं चित्र मी पाहिलेलं नाही, पण पत्रात ज्या बारकाईने वर्णन केलंय त्यावरून डोळ्यांपुढे उभं राहतं. काळा गुंता आणि मधून गेलेली एक सरळ लाल नळी. 'बरं होणं काढा' म्हटल्यावर दुसऱ्या कोणी काढलं नाही ते तुम्ही काढलंत: बरं होणं सध्या त्या नळीतूनच येतंय आणि ते भयंकर आहे. सूर्य काढणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. कोणाला त्या दिवशी सूर्यच दिसला असेल, कोणी 'बाई काय म्हणतील' म्हणून काढला असेल. चौथीच्या वर्गात 'माझी आई' निबंध दिला की चाळीस वह्यांत एकच आई निघते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

'आनंदी रंग भरू या' हे वाक्य मला खटकलं. चित्रकलेचा वर्ग घेणं आणि चित्राच्या मदतीने माणसाला सोबत करणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामाचं शिक्षण घेतलेला माणूस चित्र दुरुस्त करत नाही, त्याचा अर्थही परस्पर लावत नाही. फार तर विचारेल, 'ही नळी कुठून कुठे जातेय?' आणि गप्प बसेल. तुम्ही त्या वर्गात परत जावं की नाही, याचं उत्तर तिथे शिकवणाऱ्या बाईंना फोन करून मिळेल. तीन गोष्टी विचारा. कर्करोगाच्या रुग्णांबरोबर आधी काम केलंय का? चित्र कोणाला न दाखवता ठेवलं तर चालेल का? मधेच उठून गेले तर नंतर कोणी विचारपूस करेल का? उत्तरं सरळ आली तर एक संधी द्या. 'ताई, तुम्ही विश्वास ठेवा, ऊर्जा बदलेल' असं काही ऐकू आलं, तर पैसे गेले असं समजा आणि सुटा. आणि औषध कमी करा किंवा थांबवा असं कोणी सुचवलं, तर फोन तिथेच ठेवा.

मग हे फॅड आहे का? तुमच्याच भागातल्या गोष्टीने सुरू करते. मिरजेजवळ वानलेसवाडीला क्षयाचं सॅनेटोरियम होतं; तुमच्या घरातल्या जुन्या माणसांनी त्याचं नाव ऐकलं असेल. महिनोन् महिने खाटेवर पडून राहायचं, एवढाच तेव्हा क्षयावरचा मुख्य उपचार. इंग्लंडमधल्या अशाच एका सॅनेटोरियममध्ये १९३८ साली एड्रियन हिल नावाचा चित्रकार पडून होता. खाटेवरून दिसेल ते तो काढत राहिला, मग शेजारच्या रुग्णांच्या हाती पेन्सिली दिल्या, पुढे युद्धात जखमी होऊन आलेल्या सैनिकांच्याही. 'आर्ट थेरपी' हा शब्द त्याच्यामुळे रुळला. शहरी चैनीतून निघालेली ही गोष्ट नाही; खाटेवर पडलेल्या माणसाच्या कंटाळ्यातून आणि भीतीतून निघालीय.

ध्यान आणि चित्र एकत्र करून खास कर्करोगाच्या बायकांसाठी आठ आठवड्यांचा क्रम फिलाडेल्फियात तयार झाला. १११ बायकांना घेऊन तो तपासला आणि २००६ साली निकाल छापला: क्रम केलेल्या गटाचा मानसिक त्रास, वाट बघायला ठेवलेल्या (क्रम नंतर मिळणार असलेल्या) गटापेक्षा कमी झाला, एकूण जगणं सुधारल्यासारखं वाटलं. माझी शंका अशी, की वाट बघत बसलेल्यांशीच तुलना केली तर उपयोग नेमका कशाचा झाला, रंगांचा, श्वासाचा, की आठवड्यातून एकदा आपल्यासारख्या बायका भेटल्याचा, हे कसं कळणार? पण त्रास कमी झाला हे खरं. २०२३ साली अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने, उपचार चालू असताना आणि संपल्यावरही चिंता आणि नैराश्यासाठी माइंडफुलनेसची शिफारस केली. चिंता आणि नैराश्यासाठी, बरं का. गाठीसाठी नव्हे. एवढी मर्यादा ध्यानात ठेवून कोणी शिकवत असेल तर तो माणूस भरवशाचा.

आणि चित्र 'येत' नाही म्हणून अडत नाही. आर्ट थेरपीच्या संशोधक गिरिजा कैमल यांनी अमेरिकेत ३९ निरोगी माणसांना ४५ मिनिटं रंग, माती, कागद देऊन बसवलं आणि आधी-नंतर लाळेतलं ताणाचं संप्रेरक मोजलं. साधारण पाऊणशे टक्के लोकांचं उतरलं, मग आधी चित्रकला केलेली असो वा नसो. उरलेल्यांचं नाही उतरलं. तुम्ही त्या उरलेल्यांत असाल तर तेही ठीकच, दुसरं काही शोधू.

पण शोधायची गरज पडेल असं मला वाटत नाही. पत्राच्या तळाशी, सहीच्याही खाली, तुम्ही लिहिलंय: "परवा डोस चालू असताना फाईलच्या मागच्या पुठ्ठ्यावर ठिपके काढत बसले होते, टाइमपास म्हणून. सात ठिपके, सात ओळी. नर्स सलाईन बदलायला आली तेव्हा कळलं, अर्धा तास गेला."

बाई, सहा पानांच्या पत्रात मला सगळ्यात मोलाची ओळ ही वाटली.

माझी थोरली बहीण केमो घेत होती तेव्हा मी शेजारच्या स्टुलावर बसायचे. ती थेंब मोजायची. पन्नास झाले की पुन्हा एकपासून. मी गप्पा मारायला गेले की हात वर करायची, थांब, त्रेचाळीस. मला वाटायचं, किती तुटून बसलीय ही. आता वाटतं, तिला धरायला एक बारीक दोरी सापडली होती आणि मी ती सारखी ओढत होते. तज्ज्ञ म्हणतील, थेंब मोजणं किंवा ठिपक्यांत रमणं म्हणजे काही माइंडफुलनेस नव्हे, हे मनाला दुसरीकडे नेणं झालं. म्हणोत बापडे. सुई टोचलेली असताना मनाला जरा दुसरीकडे नेणं हा गुन्हा थोडाच आहे? आणि ठिपके तुम्हाला दोन्हीकडे नेऊ शकतात. तंद्री लागली तर लागू द्यायची. नाहीतर एक ठिपका ठेवायचा, आजूबाजूला काय ऐकू येतंय ते ऐकायचं: ट्रॉलीचं चाक, कोणाचा तरी डबा उघडला, पंपाची शिटी. मग दुसरा ठिपका.

घरी करायचं तर पाटी-खडू घ्या. खडू पाण्यात बुडवून काढला की रेघ कशी ठसठशीत उमटते आणि पूड उडत नाही, हे तुमच्या हाताला माहीत आहे. रांगोळीची भुकटी सध्या नको, बारीक धूळ नाकात जाते. जमिनीवर वाकूही नका. पाटी टेबलावर, कोपर उशीवर. उदबत्तीने भोकं पाडलेला ठिपक्यांचा जुना कागद घरात कुठे असेल तर काढा, थकव्याच्या दिवशी नुसते ठिपके पाडायलाही बरा. दहा मिनिटं पुरे. पुसून टाकायचं, ठेवायचं नाही, कोणाला दाखवायचं नाही. रांगोळी रोज पुसली जाते म्हणून आपल्या आया-आज्यांना ती वाईट आली तरी दुःख नव्हतं, आणि चांगली आली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा सडा होताच.

दर आठवड्याच्या या डोसांनी बऱ्याच जणींच्या बोटांना मुंग्या येतात, टोकं बधीर होतात. झालं तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना लगेच कळवा, कारण त्यावरून कधी डोस कमी-जास्त करावा लागतो. अशा दिवसांत गोधडीचा धावदोरा किंवा भरतकाम नको. सुई टोचलेली कळत नाही, आणि शस्त्रक्रियेच्या बाजूच्या हाताला जखमा टाळायच्याच असतात. पेन्सिलीला चिंधी गुंडाळून जाड करा किंवा मुलांचे जाडे तेलखडू घ्या. तैलरंग आणि टर्पेंटाइनचा वास मळमळणाऱ्या पोटाला सोसत नाही. काउंट उतरलेले असताना बागेतली माती कालवू नका. लाल खडू पेटीतून काढून ठेवा. वाटेल तेव्हा परत येईल, नाही आला तरी काही बिघडत नाही.

काही गोष्टी मात्र ठिपक्यांच्या आवाक्याबाहेरच्या असतात. डोसचे दिवस सोडूनही दोन आठवडे झोप नाही, कशातच मन लागत नाही, शस्त्रक्रियेचे प्रसंग सारखे समोर उभे राहतात, किंवा जगणं नको असं मनात येतं, तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगायचं. शेवटची गोष्ट असेल तर रात्री दोन वाजता असली तरी. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीत बोलता येतं. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या रुग्णांसाठी मानसोपचाराची सोय आहे. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे, तिथे पैसे घेत नाहीत. पॅलिएटिव्ह म्हटलं की लोक 'आता शेवट' असं धरतात, तसं नसतं. दुखणं आणि मन सांभाळायला उपचार चालू असतानाही जाता येतं. तुमच्या दवाखान्यात समाजसेविका असतील, आधी त्यांना गाठा. आणि झोपेची किंवा नैराश्याची गोळी गावातल्या डॉक्टरांनी दिली तर घेण्याआधी कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा. पुढे टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगावरची हार्मोनशी संबंधित गोळी) सुरू झालं, तर त्यातल्या काही गोळ्या त्याच्याशी जुळत नाहीत.

नणंदबाईंना फोन कराल तेव्हा वर्गाबद्दल तक्रार नको, एवढंच म्हणा: "ताई, तुमच्यामुळे मला कळलं की मला मोठं ध्यान झेपत नाही, लहान झेपतं. आणि मी रडले तरी औषध लागू पडतंय, मी विचारून घेतलंय." शेवटचं वाक्य नक्की म्हणा. त्यांनाही ते ऐकायची गरज आहे.

मुलगी गप्प आहे म्हणजे तिला काही वाटलं नाही असं नाही. पंधराव्या वर्षी मुली आईची फाईल लपून वाचतात. "ते चित्र पाहिलंस ना? ती केमोची नळी होती," असं स्वयंपाकघरात, काहीतरी निवडत असताना, तिच्याकडे न बघता म्हणा. मग वाट बघा. ती 'तू मरशील का' विचारेल, 'मलाही होईल का' विचारेल, किंवा 'भूक लागलीय' म्हणेल. खोटं सांगू नका. 'मला माहीत नाही, पण औषध चालू आहे' हे पंधरा वर्षांच्या मुलीला पेलतं. दुसऱ्या प्रश्नाची तयारी म्हणून, तुमचं वय पन्नासच्या आतलं असल्याने जनुकीय तपासणी करावी का, हे डॉक्टरांना विचारून ठेवा. आणि एखाद्या संध्याकाळी पाटी तिच्यापुढे सरकवा. तुम्ही ठिपके द्या, ती जोडेल.

राहिले यजमान. त्यांनी वही फाडली नाही, टाकली नाही, कपाटावर ठेवली. घाबरलेला पण जपणारा माणूस असंच करतो. त्यांच्यावर रागावू नका, पण वही तिथे राहू देऊ नका. ती तुमची आहे, आणि अजून त्यात कोरी पानं आहेत. डावा हात अजून कानापर्यंतच जातो असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा स्टुलावर चढण्याच्या भानगडीत पडू नका. ज्यांनी ठेवली त्यांनाच काढून द्यायला सांगा. त्यांना चित्र बघायचं असेल तर बघू देत, ही नळी कसली म्हणून विचारायचं असेल तर विचारू देत. बायकोच्या चित्रात रंग मात्र त्यांनी भरायचे नाहीत.